वाट सांगण्याचा तास

आर्वीच्या बसस्टँडवर वर्ध्याची एसटी लागली होती, माझी वळकटी टपावर गेली होती, आणि बाबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “कसा जाशीन, सांग.”

मी पंचवीस वर्षांचा होतो. डिप्लोमा झालेला, नागपुरात दोन वर्षं नोकरी केलेली. तरी सांगावं लागलं. वर्ध्यापर्यंत एसटी, वर्ध्याहून हावड्याकडे जाणारी गाडी, नागपूर, गोंदिया, दुर्ग, मग रायपूर. स्टेशनातून बाहेर पडलं की सायकलरिक्षा, तात्यापारा. आई खिडकीतून डब्याची पिशवी आत सरकवत होती आणि कंडक्टर आमच्याकडे बघून हसत होता, कारण तोही बाबांच्या हाताखालून गेलेला होता.

“तात्यापाऱ्यात गेल्यावर?”

विचारीन कोणाला तरी, असं मी म्हणालो. ते उत्तर त्यांना चाललं नाही. घरमालकाचं पत्र खिशातून काढायला लावलं, त्यातल्या खुणा माझ्याकडून वदवून घेतल्या, आणि मगच ते पायरीवरून खाली उतरले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, “पोचला का कळवजो. नुसतं पोचलो म्हण. बाकी मागून.”

आर्वीत राहिलेल्यांना हे नवीन नाही. माझ्यासारखे जे तिथून निघाले आणि कुठे कुठे जाऊन राहिले, त्यांनाही आठवत असेल. बाबा नगरपरिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत. नवीन पोरगं वर्गात आलं की पहिल्या आठवड्यात त्याला उभं करायचं आणि शाळेपासून घरापर्यंतची वाट तोंडी सांगायला लावायची. कुठल्या भिंतीपाशी वळायचं, कोणतं दुकान लागतं, नाली कुठे ओलांडायची. ज्याला सांगता येत नसे त्याला ते शाळा सुटल्यावर स्वतः घरी पोचवत आणि रस्त्यात प्रत्येक वळणावर थांबून विचारत. वाट ज्याले सांगता येत नाही त्यानं एकट्यानं निघू नये, हा त्यांचा नियम होता. आज गावात जे बाप्ये मोटारसायकलवर फिरतात त्यातल्या निम्म्यांनी तरी कधीकाळी हात बांधून त्यांना आपल्या घराची वाट सांगितलेली आहे. निम्मे हा अंदाज आहे, मी मोजलेले नाहीत.

रायपूर तेव्हा नुकतीच राजधानी झाली होती. सरकारी पाट्यांवर जुन्या राज्याचं नाव पुसून नव्याचं रंगवणं चालू होतं आणि घाईत रंगवलेल्या पाट्यांवर खालची अक्षरं दिसत राहायची. एकेका इमारतीत तीन-तीन कार्यालयं. सगळ्यांना माणसं हवी होती, म्हणून मलाही नोकरी मिळाली. रायपूरजवळ सिलतऱ्याला जे लोखंडाचे कारखाने आहेत त्यांना विजेचे मोठे मीटर लागतात. ते बरोबर मोजतात की नाही हे तपासणाऱ्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत मी लागलो आणि अजून तिथेच आहे.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे ते लागेल. आमच्याकडे एक प्रमाण मीटर असतो, ज्याच्यावर आमचा भरवसा असतो. आलेला मीटर त्याच्या शेजारी लावायचा आणि दोघांतला फरक बघायचा. कारखानदार येतो तोच मुळी मीटर बिघडला असं म्हणत. आम्ही तसं एकदम म्हणत नाही. आधी वायर बदलून बघायची. मग जोड. मग आणखी काही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप उरतं. शिवाय अधूनमधून आमच्याच यंत्रात मुद्दाम एक ठाऊक असलेली चूक घालायची आणि ती पकडली जाते का ते बघायचं. पकडली गेली तर यंत्र शाबूत आहे.

तात्यापाऱ्यात मी ज्यांच्याकडे राहिलो ते घर तीन पिढ्या रायपुरात असलेल्या मराठी लोकांचं होतं. आजी मराठीत हाक मारायच्या आणि नातवंडं “हव दादी” म्हणून तिकडच्या हिंदीत उत्तर द्यायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. माझं लग्न झालं, सुनंदा यवतमाळची, आम्ही पंडरीच्या मागच्या बाजूला घर घेतलं, रेवा झाली, आणि रेवाही तशीच झाली. आम्ही मराठीत बोलतो, ती सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते. हसू कधी थांबलं ते लक्षात नाही.

घरी कळवणं मात्र सुटलं नाही. आधी एसटीडीच्या काचेच्या खोलीतून शेजाऱ्यांच्या फोनवर, मग मोबाईलवर, मग तोंड दिसू लागलं. आई गेली तेव्हा मी बाबांना इकडे चला म्हणालो. ते म्हणाले, “तिथं मले कोणाच्या घराची वाट येते?” विषय तिथेच संपला.

मग शाळा बंद झाल्या आणि पडद्यावर आल्या तो काळ. रेवा पाचवीत होती. सकाळी गणवेशाचा फक्त शर्ट घालून मोबाईलसमोर बसायची, कॅमेरा बंद, आवाज बंद. बाईंनी हजेरीला नाव घेतलं की बटण दाबून “प्रेझेंट मॅम” आणि पुन्हा बटण. दिवसभर घरात शाळा भरलेली असायची आणि घरात एकही माणूस बोलत नसायचा. सुनंदाला ते बघवत नसे. बाबांना या पोरांना रविवारचं मराठी शिकवू द्या, ही कल्पना तिची.

पाच-सहा घरं जमली. आम्ही, रायपुरातलीच आणखी दोन, भिलाईचं एक, आणि माझ्याबरोबर बाबांच्याच वर्गात असलेला एक मित्र, जो हैदराबादला असतो, त्याचा मुलगा. मी बाबांना लॅपटॉप पाठवला. तिकडे आर्वीत केबल आणि नेटचं काम करणारा पंजाब नावाचा एक जण, तोही बाबांचाच विद्यार्थी, त्यानं वायर ओढून दिली आणि लॅपटॉपच्या वरच्या बारीक काचेवर बोट ठेवून म्हणाला, “गुरुजी, या टिकलीकडे पाहून बोलाचं. पोट्टे खाली दिसतीन, पन तुमी टिकलीकडे पाहा.”

पहिल्या रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले. मागे भिंतीवर देवळाच्या ट्रस्टचं कॅलेंडर, वर पंखा, डाव्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. एवढं चौकटीत दिसायचं. आणि त्यांनी पहिलाच धडा तोच घेतला. रेल्वे स्टेशनपासून आपल्या घरापर्यंतची वाट सांगा.

एकालाही येईना. भिलाईचा मुलगा म्हणाला, “आजोबा, लोकेशन भेज दूँ?”

बाबा टिकलीकडे बघत म्हणाले, “लोकेशन तुह्या मोबाईलले माहीत हाय. तुले काय माहीत हाय?”

सगळ्या चौकटी हसल्या. त्या आठवड्यात रस्ते थोडे मोकळे झाल्यावर मी रेवाला स्कूटरवर मागे बसवून स्टेशनापासून घरापर्यंत आणलं. फाफाडीहचा चौक, पंडरीचं बंद कापड मार्केट, औषधांचं दुकान, निळ्या फाटकाची गल्ली. ती प्रत्येक वळणावर पुटपुटत होती. खरं सांगायचं तर इतकी वर्षं राहून तो रस्ता मीही पहिल्यांदाच इतका नीट पाहिला. पुढच्या रविवारी तिनं तो मोडक्या मराठीत सांगितला. बाबांनी मधे दोनदा थांबवून शब्द दुरुस्त केले आणि शेवटी म्हणाले, “शाब्बास. आता तू एकटी निघू शकतेस.” शाबासकी देताना मात्र ते शुद्ध बोलत. रेवा दिवसभर तेच वाक्य घरात म्हणत फिरली.

नेट अडकायचं. सगळ्यांचंच अडकायचं, तसं आमचंही. चित्र थिजलं की सगळी पोरं एकदम ओरडायची, आजोबा आवाज नहीं आ रहा, आजोबा सुनाई नहीं दे रहा, आणि त्या गोंधळात पुन्हा जोडणी झाली तरी कुणाला कळायचं नाही. म्हणून मी नियम करून दिला. आजोबा थांबले तर कुणी बोलायचं नाही. आपापला आवाज बंद ठेवायचा आणि थांबायचं. ते आपोआप सुरू होतील. पोरं गुणाची होती. महिन्याभरात त्यांना इतकी सवय झाली की बाबा वाक्याच्या मध्ये थांबले की सगळ्या चौकटी शांतपणे बघत राहायच्या. थोड्या वेळानं बाबा म्हणायचे, “आवाज येऊन राहिला का?” मग पोरं अंगठे दाखवायची आणि धडा पुढे चालायचा.

शाळा उघडल्या तरी रविवारचा वर्ग चालूच राहिला. पोरं मोठी होत होती, काही नवी आली. आणि नेटचं अडकणं वाढत चाललं. आमचं नाही, बाबांचं. रायपूरहून मी पंजाबला फोन करून बोललो. तो म्हणाला लाईन ठीक आहे. मी म्हणालो, ठीक असती तर अडकली नसती. त्यानं बिचाऱ्यानं खांबापासूनची वायर नवी टाकून दिली. पुढच्या रविवारी बाबा तसेच अडकले. मग तो वायफायचा डबा बदलला. तरी तेच. मग मी स्पीड मोजायला लावली. आकडा भरपूर येत होता, आमच्या घरापेक्षाही चांगला. मला वाटलं, म्हणजे लॅपटॉप. दुसरा लॅपटॉप पाठवला. एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो, अगदी नियमानं.

सुनंदा एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, “अहो, अजून काय काय बदलणार तुम्ही?”

मी म्हणालो, आता फक्त प्लग आणि सॉकेट राहिलंय. घडी घातलेला टॉवेल तिनं पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातला.

त्यानंतरच्या रविवारी पंजाब सॉकेट बदलायला आला होता, वर्ग सुरू व्हायची वेळ झाली तरी खाली बसून पेचकस फिरवत होता. बाबांनी हजेरी घेतली. रेवाचं नाव, भिलाईच्या मुलाचं, मग एक नाव जे आमच्या वर्गात कुणाचंच नव्हतं. मग आणखी एक. मग म्हणाले, “पंजाब?” टेबलाखालून आवाज आला, “हजर, गुरुजी.” सगळ्या चौकटी हसल्या. मीही हसलो. पोरांना वाटलं आजोबांनी गंमत केली. पंजाब टेबलाखालून वर आला तेव्हा मात्र हसत नव्हता. त्यानं टिकलीकडे, म्हणजे आमच्याकडे, एकदा पाहिलं आणि पेचकस खिशात घातला.

त्याच दिवशी वर्ग संपल्यावर रेवा माझ्याजवळ आली. मी सॉकेट बदलूनही अडकलंच म्हणून पंजाबला फोन लावत होतो. ती म्हणाली, “पापा, नेट नहीं अटकता।”

मी विचारलं, काहून असं म्हणतेस.

“आजोबा रुकते हैं, तब भी पंखा घूमता रहता है।”

मी फोन खाली ठेवला. चित्र थिजतं तेव्हा सगळं चित्र थिजतं, हे सांगायला मीटर तपासणारा लागत नाही. पण आम्ही सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण ते शिकवत होते. वर कुणी बघत नव्हतं. आम्ही दूर राहणारी माणसं, इतक्या वर्षांत वाट बघायला शिकलो होतो. समोरचा थांबला की आम्हाला तो मधल्या अंतराचाच दोष वाटतो.

पुढच्या रविवारी मी रेवाच्या मागे खुर्ची घेऊन बसलो आणि तासभर फक्त पंखा पाहिला. बाबा एका कवितेचा अर्थ सांगत होते. मध्येच थांबले. पंखा फिरत होता. कॅलेंडरचं पान हलत होतं, खाली पडत होतं, पुन्हा उचललं जात होतं. बाबांचे डोळे टिकलीवर होते आणि उघडे होते. पोरं नियमाप्रमाणे गप्प बसली. मग त्यांचा चेहरा हलला, त्यांनी चौकटींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “आवाज येऊन राहिला का?” तेव्हा मला कळलं की हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच कधी विचारलेला नव्हता. तो नेहमी बाबाच विचारत आले होते. आमचे अंगठे वर होईपर्यंत त्यांना मागचं वाक्य शोधायला वेळ मिळत होता.

तिसऱ्यांदा थांबल्यावर ते म्हणाले, “नेट अटकलं वाटते.” आणि हसले. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. वर्गात ज्या पोराला वाट येत नाही ते पोरगं असंच हसायचं.

 सुनंदाशी बोललो, बाबांशी नाही. त्यांना काय विचारणार होतो? पंजाबला म्हणालो, जरा सकाळ-संध्याकाळ डोकावत जा. तो म्हणाला, “भाऊ, मी तं कवापासून डोकावून राहिलो. तुमाले कसं सांगू, तेच समजत नव्हतं.” मग सांगितलं की गुरुजी पंधरा दिवसांपूर्वी कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी उभे दिसले होते, पिशवी घेऊन. कुठं चालले विचारलं तर म्हणाले, एका पोट्ट्याले घरी पोचवून राहिलो. जवळ कोणीच नव्हतं.

मी दिवाळीत जाऊन त्यांना आणायचं ठरवलं. तेवढं थांबता येईल असा माझा हिशेब होता.

दिवाळीआधीच्या एका रविवारी रेवा म्हणाली, “आजोबा, आज तुम्ही सांगा. बसस्टँडपासून तुमचं घर.” तिनं ते मराठीत म्हटलं आणि मुद्दाम म्हटलं. मला ते आवडलं नाही, पण वर्ग सुरू होता. बाबांना आनंद झाला. सदरा नीट केला आणि सुरू केलं. बसस्टँडातून बाहेर निघायचं. जिनिंगच्या भिंतीला धरून सरळ. पाण्याच्या टाकीपाशी... आणि थांबले.

पंखा फिरत होता. मी पंखाच बघत होतो म्हणून मला दिसलं, पंख्याखालून काहीतरी करडं फिरत होतं. डाव्या दारातून धूर येत होता. स्वयंपाकघरात काहीतरी जळत होतं आणि बाबा पाण्याच्या टाकीपाशी उभे होते.

रायपूर, भिलाई, हैदराबाद, सगळ्या घरांना तो धूर एकाच वेळी दिसत होता. इतकं चांगलं चित्र त्या वर्गात कधी आलं नव्हतं. पोरं नियमाप्रमाणे बोलत नव्हती, ती मागे वळून आपापल्या आईबापांकडे बघत होती. मी बाबा, बाबा, गॅस, असं ओरडलो आणि लक्षात आलं की आमचा आवाज बंद आहे. रेवानं बटण दाबलं. मी पुन्हा ओरडलो. बाबांनी टिकलीकडे बघून मान हलवली आणि समजुतीनं म्हणाले, “थांबा. नेट अटकलं वाटते.”

मी पंजाबला फोन लावला. तो चौकटीत शिरेपर्यंत काही मिनिटं गेली असतील. त्या मिनिटांचा आकडा मी देत नाही, कारण घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. दारातून तो धावत आत गेला, खोकल्याचा आवाज आला, भांडं आपटल्याचा आवाज आला, मग गॅस बंद केला म्हणून त्यानं हात वर केला. दुधाचं पातेलं होतं. पंजाबनं खिडकी उघडली आणि कॅलेंडर जोरात फडफडू लागलं. बाबा त्याला बघून म्हणाले, “काहून रे, उशीर केला? बस खाली.” आणि तो हातात काळं पातेलं घेऊन खाली बसला.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघालो.

आर्वीत चार दिवस राहिलो. त्यांचे कपडे, औषधं, चष्मे, आईचा फोटो. त्यांनी एकदाही विचारलं नाही की आपण कुठे चाललो. बसस्टँडवर पंजाब सोडायला आला होता. वर्ध्याची गाडी लागली, आम्ही बसलो, मला वाटलं आता विचारतील. कसा नेशीन, सांग. माझं उत्तर तयार होतं. वर्धा, नागपूर, गोंदिया, दुर्ग, रायपूर, स्टेशनातून ऑटो, फाफाडीह, पंडरी, निळं फाटक. मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. ते मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून समोरच्या सीटकडे बघत होते. गाडी हलली तेव्हा पंजाब खिडकीशी धावत आला आणि म्हणाला, “गुरुजी, पोचले का कळवजा.” बाबा त्याच्याकडे बघून हसले. ते वाट न विचारता प्रवासाला निघाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

रायपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काही चित्रं दाखवली, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि जे निघालं त्याचं नाव मला सांगितलं. पुढे काय होत जाईल तेही सांगितलं. सावकाश होईल, पण मागे फिरणार नाही. माझ्या धंद्यात बिघडलेला मीटर बदलून देतात. मी त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं.

वर्ग बंद करावा असं मला वाटत होतं. रेवानं करू दिला नाही. आता बाबा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसतात आणि रेवा बाहेरच्या खोलीत तिच्या मोबाईलसमोर. मध्ये एक भिंत आहे. दार उघडं असलं तर तिचा आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा दारातून आणि थोडा मागून यंत्रातून, म्हणून आम्ही दार लावून घेतो. बाबांना ती चौकटीतच बरी ओळखू येते. जेवताना समोर बसली तर कधी कधी सुनंदाला विचारतात, ही पोट्टी कोणाची. रविवारी चौकटीत आली की नाव घेऊन हाक मारतात.

आर्वीचं घर कुलपात आहे. किल्ली पंजाबकडे. तिथलं नेट मी अजून बंद केलेलं नाही. पंजाब सांगतो, आत गेलं की अंधारात त्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. त्याला मी कारण सांगितलेलं नाही, आणि माझ्याकडे ते नाहीही.

रेवानं एक पद्धत सुरू केली आहे. ती मी शिकवलेली नाही. वर्गाच्या शेवटी ती वाट सांगते. रायपूरची नाही, आर्वीची. बसस्टँडपासून आजोबांच्या घरापर्यंत, जिथे ती सगळं मिळून पाच-सहा वेळा गेली असेल. सगळी वाट तिला पाठ आहे, पिठाच्या गिरणीसकट. आणि प्रत्येक रविवारी ती एक वळण मुद्दाम चुकीचं घेते. बाबा लगेच बोट उचलतात. “डावीकडे. उजवीकडे गेली तं थेट नदीवर पोचशीन.” ती सॉरी म्हणते, दुरुस्त करते, पुढे जाते. वर्ग संपल्यावर माझ्याजवळ येऊन फक्त मान हलवून दाखवते. पकडली. मग त्या आठवड्यात आमच्या घरात जेवणं नीट होतात.

हे लिहायला बसलो ते मागच्या रविवारमुळे.

मी आत बाबांच्या मागे पलंगावर बसलो होतो. रेवा सांगत होती. बसस्टँडातून बाहेर. जिनिंगच्या भिंतीला धरून सरळ. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे. इथे डावीकडे हवं. ती क्षणभर थांबली. बाबांचं बोट टेबलावरच राहिलं. तिनं आणखी थोडं पुढे सांगितलं, जिथे वस्ती संपते आणि नदीचा उतार लागतो. बाबा लक्ष देऊन ऐकत होते, मान हलवत होते, टिकलीकडे बघत होते. मग रेवाच थांबली. बाकीच्या चौकटीतली पोरंही थांबली. ती आता मोठी आहेत, त्यांना ही वाट ऐकून ऐकून पाठ आहे, सगळ्यांना चूक कळली होती. कुणी बोललं नाही. आमच्या वर पंखा फिरत होता.

मी उठणार होतो. तेवढ्यात बंद दारापलीकडून आणि यंत्रातून, थोडा पुढेमागे, तिचा आवाज आला. जी मुलगी मला अजून हिंदीत उत्तर देते ती म्हणाली, “आजोबा, आवाज येऊन राहिला का?”

बाबांनी चौकटींवरून नजर फिरवली. वेळ घेतला. कुणी घाई केली नाही.

“येते, येते,” ते म्हणाले. “मधात नेट अटकलं होतं. पुन्हा सांग. बसस्टँडपासून सांग.”

आणि तिनं पुन्हा बसस्टँडपासून सुरू केलं, या वेळी सगळी वळणं बरोबर घेत. मी परत पलंगावर बसलो. घर कुठे आहे असं मला आता कुणी विचारलं तर ना पंडरीचं निळं फाटक डोळ्यांसमोर येतं, ना आर्वीचं कुलूप. पाण्याची टाकी येते. तिथून डावीकडे जायचं आहे, हे ठाऊक असलेली आम्ही काही माणसं वेगवेगळ्या गावांत बसलो आहोत, आणि ज्यांनी ते शिकवलं ते समोर बसून ऐकत आहेत. रेवा टाकीपाशी आली. डावीकडे, ती म्हणाली, जरा मोठ्यानं. बाबांनी मान हलवली.